परसातला कोळसा

आईनं आमचं घर चुकीचं काढलं. रेघा चुकल्या नव्हत्या. आईच्या चिमटीतून रांगोळी अशी सुटते, की रेघ आधीपासून फरशीवर होतीच आणि हिनं फक्त तिच्यावरची धूळ झटकली असं वाटावं. घर चुकलं होतं. गणपतीचा मंडप बसतो त्या शहाबादी फरशीवर गल्लीतल्या बायका उकिडव्या बसल्या होत्या, मधोमध आमची गल्ली पांढऱ्या रेघांत पसरली होती आणि जी ती आपापल्या चौकोनात आपलं घर भरत होती. आईनं पुढची खोली काढली, मधली काढली, स्वयंपाकघर काढलं. तिथं थांबायचं. पण तिचा हात थांबलाच नाही. त्यानं स्वयंपाकघराला मागं दार ठेवलं, दारापलीकडं परस काढलं, परसात पाच ठिपके देऊन कढीलिंबाचं झाडसुद्धा काढलं, आणि मग पार टोकाला कोळशाचा तुकडा ठेवला. कोळसा म्हणजे संडास, असं ठरलं होतं. आम्हाला परस नाही. आमच्या स्वयंपाकघराला मागचं दार नाही. दाराच्या जागी भिंत आहे आणि भिंतीपलीकडं कॉम्प्युटरचा क्लास आहे, जिथली मुलं मोठमोठ्यानं हसतात आणि एसी आमच्या भिंतीतून घुमतो. आमचा संडास पुढच्या खोलीत, जिन्याखाली आहे. बाबांच्या पलंगापासून हातभर.

मी हे उभ्यानं बघत होते, इंजिनिअर साहेबांच्या शेजारी, कारण मी दुभाषी होते. मी दहावीत आहे, पण गेले काही महिने गल्लीत माझ्याशिवाय पान हलत नव्हतं. साहेब तेलुगू बोलणार, समोरच्या ओळीतली माणसं दखनी, आमची मराठी, तीही अशी की दर दोन शब्दांना 'हौ' आणि 'नै', आणि संस्थेतून आलेल्या शिल्पाताई पुण्याच्या. त्यांची मराठी इतकी स्वच्छ की भामाकाकू म्हणाल्या, "ही पोरगी बोलली की शाळेत बसल्यासारखं होतं गं. उठून उभं राहावं वाटतं." मला चारही भाषा येतात. येतात म्हणजे काय, धावतात. नवी ड्रेनेज लाईन पडणार आणि ती कुठून पडायची ते या वेळी गल्लीनंच ठरवायचं, अशी योजना होती. पैसा बाहेरून कुठून तरी आला होता आणि त्या पैशाची अटच होती म्हणे, की लोकांना विचारा. पहिल्या बैठकीत पुरुष खुर्च्यांवर बसले, बायका दारांत उभ्या राहिल्या आणि तासभर दिव्याचे खांब, पानडबा, एसटीडी बूथवाल्याच्या गिऱ्हाइकांच्या स्कूटरी यांवर बोलणं झालं. हायकोर्टात वकिली करून निवृत्त झालेले एकनाथराव अध्यक्ष. ते सारखे म्हणत होते, "प्रत्येक घरी ती सोय कुठं आहे, हे पाहावं लागेल." साहेबांनी दोनदा विचारलं, "कौनसी सोय?" जो तो खुर्ची सरकवू लागला. मग मागून माझाच आवाज आला, "लॅट्रिन, साब." सगळ्या माना वळल्या! आणि त्यात भामाकाकू फिसकन हसल्या. त्या दिवसापासून जो तो, "अमृता कुठाय? अमूला बोलवा." मला फार आवडायचं ते. रस्त्यानं चालताना पाय जमिनीला जरा कमीच लागायचे.

रांगोळीची कल्पना शिल्पाताईंची. कागदावर नकाशा काढायला दिला की पेन पुरुषांच्या हातात जातं, म्हणाल्या. फरशीवर रांगोळी द्या, एकही पुरुष खाली बसणार नाही. बसला नाहीच. रविवारची दुपार, पुरुष पिंपळाच्या पारावर सुपारी कातरत, आणि बायका आधी लाजत, मग हट्टानं, मग अगदी भांडत गल्ली काढू लागल्या. साहेब बघतच राहिले. रांगोळीला ते मुग्गु म्हणायचे. "मुग्गु से प्लॅनिंग," ते मला म्हणाले, "बीस साल सर्विस में ये पैला बार देक रऊँ." देवघरापाशी झेंडूचं फूल, चुलीपाशी हळदीची चिमूट, संडासापाशी कोळसा. फुलं आणि हळद भराभर पडली. कोळशापाशी आलं की हात अडायचे. बाई आधी पाराकडं बघायची, सासरा इकडं बघतोय का. मग पदर सारखा करायची, आणि मग पटकन, विस्तवाला हात लागल्यासारखा, कोळसा ठेवून मोकळी व्हायची. आणि ठेवायची लांब. जितका लांब ठेवता येईल तितका, चुलीपासून, फुलापासून, स्वतःपासून.

"सहभाग म्हणे," भामाकाकू पुटपुटल्या. "गटार तुंबतं तेव्हा काठी घालायला सहभागी होत नै कुणी."

"काकू, मोकळेपणानं सांगायचं हं सगळं," शिल्पाताई म्हणाल्या.

"सांगते की बाई. तू जरा सावलीत उभी राहा, लाल झालीस नुसती."

हिशेब सोपा होता आणि तो चार भाषांत मीच सगळ्यांना समजावला होता. पैसा एकाच लाईनीचा. कोळसे मागं जास्त पडले तर लाईन मागच्या बोळातून, पुढं जास्त पडले तर गल्लीतून. आणि नवी सुरू झाली की गल्लीतली जुनी मातीच्या नळ्यांची लाईन बंद करून टाकणार. समजावताना मला आमचं घर एकदाही आठवलं नाही. आता आठवलं. मागच्या बोळाला पोचायला आमच्याकडं वाटच नव्हती, मध्ये क्लास होता, आणि क्लासच्या मालकानं त्याच्या नव्या टाइल्सखालून कुणाचा पाइप जाऊ देणार नाही असं मागेच सांगून टाकलं होतं. जुनी लाईन तुंबते तेव्हा वरच्या घरांतलं पाणी आमच्या जिन्याखाली वर येतं. आधी गुडगुड होतं. मग तो वास. मग फरशीवर काळं पाणी, बाबांच्या पलंगाच्या पायांपर्यंत, आणि बाबा एक हात वर करून जीभ जड झालेल्या आवाजात आईला "अनु, अनु" करतात, जणू पाणी त्यांनीच सोडलंय आणि त्याची माफी मागतायत. आई सिकंदराबादच्या शाळेतून दोन बस बदलून आलेली असते. खांद्यावरची पिशवी खाली न ठेवताच ती बादली उचलते. पिशवी ठेवायला कोरडी जागाच नसते. तर ही तुंबणारी लाईनसुद्धा बंद होणार होती, आणि नवी येणार नव्हती. म्हणजे काय होणार होतं, ते मला तिथं उन्हात उभ्याउभ्या नीट कळत नव्हतं. फक्त आईचे हात दिसत होते, कोपरापर्यंत काळ्या पाण्यात, आणि रोज.

आणि तरी ती खोटं काढत नव्हती. हे मला कुणाला सांगता आलं नसतं. तिच्या हाताकडं बघितलं असतं तर कळलं असतं: परस काढताना तो हलका झाला होता. पुढची खोली तिनं घाईनं, जाड रेघांनी उरकली होती, बाबांच्या पलंगाची जागा तर सोडूनच दिली होती. आणि परसात मात्र रमली होती. धुण्याचा दगडसुद्धा काढला. मला तो दगड आठवतो. उन्हानं तापायचा आणि मी त्याच्यावर ओले पाय ठेवून उभी राहायचे, पायांचे ठसे वाळेपर्यंत. सुरेशकाका तिथंच दाढी करायचे, कढीलिंबाच्या फांदीला आरसा अडकवून, आणि आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून डाळ निवडायची. बसून. आई काही न करता बसलेली मला आठवत नाही, पण त्या उंबऱ्यावर ती डाळ तरी निवडत बसलेली आठवते. मग काकांचं कुकटपल्लीला घ्यायचं ठरलं, फ्लॅट, लिफ्टवाला, आणि वाटणी झाली. भांडण नाही, आवाज नाही. आमच्याकडं कशालाच आवाज नसतो. काका रडले, बाबा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, आणि पुढचं आमचं, मागचं काकांचं असं ठरलं. मागं मोठ्या रस्त्याकडून वाट होती, त्याला भाव होता, काकांनी ते विकून टाकलं. भिंत बांधणाऱ्या मिस्त्रीला दोन्ही वेळचा चहा आईच द्यायची. सुरुवातीला हात लांब करून, मग भिंतीवर कप ठेवून, मग टाचा उंचावून, आणि एके दिवशी चहा तयार होता आणि द्यायला जागा नव्हती. तो चहा तिनं मला दिला. मी लहान होते, मला चहा मिळाला म्हणून खूश झाले. पुढल्या वर्षी बाबांची उजवी बाजू गेली, त्यांना चालवेना, म्हणून जिन्याखालची लाकडं काढून तिथं संडास केला. तेव्हापासून पुढची खोली म्हणजे बाबांची खोली, आणि एक एकनाथराव सोडले तर आमच्याकडं आलेलं माणूस पायरीवरच बोलून परत जातं. माझ्या मैत्रिणींशी मी कायम रस्त्यात हसत उभी असते. सगळ्यांना वाटतं मी फारच गप्पिष्ट आहे.

गल्लीला हे माहीत नव्हतं का? गल्लीला सगळं माहीत होतं. कॉम्प्युटरच्या क्लासची पाटी मोठ्या रस्त्यावरून सगळ्यांना दिसते. पण आजही कुणी आईला विचारत नाही. अजून भामाकाकू म्हणतात, "अनुराधा, तुमच्या परसातली चार पानं असतील तर बघ गं कढीला," आणि आई बाजारातून आणलेल्या जुडीतली चार पानं काढून देते. भामाकाकूंना माहीत असतं की ती जुडीतली आहेत. त्या म्हणतात, "घरच्या झाडाचा वासच वेगळा." हे असं इतकी वर्षं चाललंय. दयेनं की सवयीनं, कोण जाणे. मला वाटायचं मोठी माणसं भित्री असतात, म्हणून शब्द टाळतात. मी नाही टाळत. मी 'लॅट्रिन, साब' म्हणणारी मुलगी.

म्हणून मी आईजवळ गेले. वाकून हळूच म्हटलं, "आई, आपलं पुढं आहे."

"माहिताय," आई म्हणाली. वर बघितलं नाही.

"मग मागं का ठेवलास? मागून लाईन गेली तर आपल्याला…"

"कळतं मला."

"मग?"

"मग काय? ठेवू कुठं? बाबांच्या उशाला?" तिचा आवाज अगदी साधा होता, मीठ कुठं ठेवलंय असं विचारल्यासारखा. "सगळी गल्ली बसलीय. एकनाथराव बसलेत. ते घरी येतात ना, बाबांच्या पायाशी बसून पेपर वाचून दाखवतात त्यांना. जा तू. तुझं बोलणं राहील."

मी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. म्हणजे, रोज बघते. पण त्या वेळी वरून, उन्हात, भांगापासून खाली असं बघितलं. भांगातली त्वचा घामानं चमकत होती. डोळ्यांखाली तिनं रांगोळीचं बोट कधी तरी लावलेलं होतं, तिथं एक पांढरा फराटा. दमणं ही मला तोवर मोठ्यांची एक सवय वाटायची, चहासारखी. संध्याकाळ झाली की ती लागते आणि 'हुश्श' म्हटलं की भागते. आई 'हुश्श' कधी म्हणत नाही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. ती बसमधून उतरते, भाजी घेते, वह्या तपासते, बाबांना कुशीवर वळवते, आणि पोळी लाटतालाटता एखादा क्षण डोळे मिटून उभी राहते, लाटणं हातात, पोळी अर्धी गोल. मग पुन्हा लाटते. तिनं परस काढलं तेव्हा ती तशीच डोळे मिटल्यासारखी असणार. हाताला जे ठाऊक तेच हातानं काढलं. त्या घरात ती लग्न होऊन आली होती. या घरात तिला कुणी आणलंच नव्हतं. हे आपोआप तिच्याभोवती लहान होत गेलं.

"क्या अम्मा, ऐपोयिंदा? हो गया?" साहेब मला म्हणाले. त्यांनी रुमाल डोक्यावर टाकला होता. "झाडूवाली आने से पैले कागज पे उतार लेता मैं. सब पीछेच है. पीछे से फायनल कर दूँ?"

मी ते मराठीत सांगायचं होतं. पारावरून एकनाथराव उठलेच होते, धोतराचा सोगा हातात धरून. "उत्तम! मागचा बोळ सरकारी आहे, कुणाची हरकत येणार नाही. एकमतानं ठरलं असं लिहा." शिल्पाताईंनी टाळ्या वाजवल्या, खऱ्या आनंदानं, दिवसभर उन्हात उभं राहून त्यांच्या पदरात एकमत पडलं होतं. साहेबांनी कागद मांडीवर घेतला आणि बोळातून एक लांब रेघ ओढायला सुरुवात केली.

"एक मिनिट, साब," मी म्हटलं.

मोठ्यांदा म्हटलं. माझा आवाज तसाच आहे, मंडपाच्या फरशीवरून कोपऱ्यावरच्या एसटीडीपर्यंत जाणारा. सगळे वळले. पार वळला, बायका वळल्या, भामाकाकूंनी तोंडातलं पान एका गालात सरकवलं. पुढचं वाक्य माझ्याकडं तयार होतं, चारही भाषांत तयार होतं, चार-पाच शब्दांचं तर वाक्य. हमारा सामने है, साब. बस. आणि ते येईना. मला एकदम पुढच्या खोलीचा वास आला, फिनेल आणि त्याखालचा दुसरा, आणि बाबांचा वर झालेला हात दिसला. 'लॅट्रिन' हा शब्द मी म्हटला होता तेव्हा तो कुणाच्याच घरातला नव्हता. आता त्याला आमच्या खोलीचा दरवाजा होता, आणि तो मी उघडला की हे सगळे आत बघणार होते, आणि आत बाबा होते, आणि त्यांना उठून आडोशाला जाता येत नाही. माझे कान गरम झाले. मी उभी राहिले. साहेबांनी पेन उचललेलं होतं. "बोलो ना, अम्मा?"

आईनं माझ्याकडं बघितलं. रागावली नव्हती. दूध उतू जाताना जसं बघते तसं बघितलं, आता उठावंच लागेल असं. मग तिनं उजवा तळहात फरशीवर ठेवला आणि परस पुसलं. झाड गेलं, दगड गेला. पुसताना ती मागच्या दाराशी जरा थांबली, आणि मग तेही पुसलं. कोळसा उचलून तिनं गुडघ्यावरच पुढं सरकत पुढच्या खोलीत ठेवला, गल्लीच्या रेघेला लागून, आणि त्याच्या शेजारी, इतक्या जवळ की बोटही मावू नये, एक लांबट चौकोन काढला. पलंग. एवढा वेळ सोडून दिलेला.

"साब," आई म्हणाली. ती दखनी बोलते तेव्हा शाळेतल्या मुलांशी बोलल्यासारखी सावकाश बोलते. "पीछे हमारा कुच नै है. बिक को बरसां हो गए. जो है सो सामनेच है. बीमार आदमी है घर में. सामने की लाईन बंद करे तो हम कां जाना, वो बी लिखो."

 मला दुभाषी असून काही करायचं नव्हतं. एकनाथरावांनी सोगा सोडला आणि ते पारावर बसले, पायांतल्या चपलांकडं बघत. शिल्पाताईंचे टाळ्या वाजवलेले हात तसेच एकमेकांत राहिले होते. मग भामाकाकू खोकल्या, पान थुंकायला बाजूला गेल्या, परत आल्या, आणि आपल्या चौकोनाशी फतकल मारून बसत म्हणाल्या, "माझाबी जिन्याखालीच आहे. भाडेकरू ठेवला तेव्हाच पुढं आणला. मागं म्हणजे… मागं असायला पायजे, म्हणून ठेवला." आणि कोळसा ओढून पुढं आणला. समोरच्या ओळीतल्या खालानंही आपला कोळसा पुढं सरकवला. कोपऱ्यावरच्या घरानं नाही सरकवला. त्या बाई पदर घट्ट करून उठल्या आणि मला काम आहे म्हणून निघून गेल्या, आणि त्यांचा कोळसा शेवटपर्यंत मागच राहिला. साहेबांनी कागद फाडला नाही, पण उलटा केला. "दो बार का काम," ते म्हणाले. मग खाली वाकून त्यांनी पुढचे कोळसे मोजले आणि म्हणाले की पुढून बारीक फाटा टाकता येईल, मोठी मागून आणि हा पुढून, कोपऱ्यावर जोडायचा. त्यासाठी प्रत्येक घरात शिरून बघावं लागेल, आणि पुन्हा बैठक घ्यावी लागेल. "पैला घर आपका," ते आईला म्हणाले. आईनं मान हलवली. उद्या कुणीतरी पुढच्या खोलीत येणार, वाकून जिन्याखाली बघणार, फीत लावणार. बाबा छताकडं बघत पडून राहतील.

फाटा मिळाला होता. मला आनंद व्हायला हवा होता आणि तो कुठं तरी असणारही. मी तो शोधत होते. बायका उठल्या, साड्यांवरची रांगोळी झटकू लागल्या, बोलणं पुन्हा सुरू झालं पण हळू आवाजात, घरी कुणी झोपलेलं असताना बोलतात तसं. आई उठली नाही. ती तशीच पाय मुडपून बसली होती, आमच्या घरापुढं, आणि घर आता एवढंसं दिसत होतं, मागं नुसता पुसल्याचा पांढुरका डाग. मला वाटलं रडतेय. रडत नव्हती. नुसती बसली होती, मांडीवर हात, तळवे वर. डाळसुद्धा नव्हती हातात.

"आई, चल," मी म्हटलं.

तिनं हात वर केला. मी तो दोन्ही हातांत धरला, पाय रोवले आणि जोर लावून तिला वर घ्यायला लागले, जसं मी सगळंच करते, एका दमात.

"ओढू नकोस गं," आई म्हणाली. "नुसती उभी राहा. मी उठते."

मी उभी राहिले.